काचेचं झाकण

कासवाची सात पिल्लं आणि तीन दिवस, एवढंच काम होतं. त्यासाठी अक्काने पाठपोट लिहिलेला कागद हातात ठेवला, तेव्हा भाऊला हसूच फुटलं.

"अगं अक्का, कासवं आहेत ती. पळून पळून जाणार कुठे?"

"हसून झालं की वाच," अक्का म्हणाली. "मोठ्याने. मला ऐकू आलं पाहिजे."

अक्का म्हणजे भाऊची थोरली बहीण. छत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली. लग्न केलं नाही, त्यामुळे तिला भाऊला आणि त्याच्या बायकोला वळण लावायला भरपूर वेळ मिळाला, असं भाऊ चारचौघांत म्हणायचा. भाऊ काचवाला. रस्त्याच्या तोंडाला त्याचं दुकान होतं. आत लाकडी घोड्यांवर उभ्या केलेल्या काचा, कोपऱ्यात आरसे, मध्ये कापडाने मढवलेलं लांबलचक टेबल. दुकानाच्या मागे परसू आणि परसाला लागून अक्काची खोली. भाऊ आणि त्याची बायको वरच्या मजल्यावर राहत. बायको वाचनालयात कामाला होती. अक्का तिला 'धाकटे' म्हणायची.

मोठ्या कासवांची जोडी अक्काकडे वीसेक वर्षं होती. परसात मोकळी हिंडायची. या वर्षी मादीने भिंतीजवळची माती उकरून अंडी घातली, अक्काने ती खोक्यात उबेला ठेवली आणि महिन्यापूर्वी एकेक करत सात पिल्लं बाहेर आली. कोटाचं मोठं बटण असतं ना, तेवढी. त्यांच्यासाठी अक्काने उन्हासावलीची जागा बघून एक वाफा केला होता. चारी बाजूंनी गुडघाभर उंच फळ्या. उंदराने खालून उकरू नये म्हणून मातीत दोन थर विटा पुरलेल्या. आत माती, थोडं गवत, लपायला आडवी ठेवलेली अर्धी कुंडी, बशीभर पाणी आणि वर बिजागऱ्यांवर उघडणारं जाळीचं झाकण.

भाऊने कागद वाचला. पाणी रोज बदलायचं, बोटाच्या एका पेराहून खोल ठेवायचं नाही. पिल्लू उलटं पडलं तर त्याला सरळ होता येत नाही, म्हणून दर दोन तासांनी बघायचं. झाकण क्षणभरही उघडं टाकायचं नाही. झाकण जाळीचंच, त्यावर काही ठेवायचं नाही. जास्वंदीची फुलं धुऊन द्यायची. सगळ्यात खाली प्राण्यांच्या डॉक्टरबाईंचा नंबर होता.

"समजलं?"

"समजलं. परीक्षा कधी आहे?"

अक्का हसली नाही. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. दवाखान्याजवळ तिची एक जुनी मैत्रीण राहायची, तिच्याकडे राहून ती गुरुवारी परतणार होती. सोमवारी सकाळी निघताना तिने वाफ्यापाशी वाकून सातही पिल्लं डोळ्याजवळ धरून पाहिली. तिला ती पाठीवरच्या नक्षीवरून वेगवेगळी ओळखू यायची. भाऊला सगळी सारखीच दिसत.

सोमवारी दुपारपर्यंत भाऊने सगळं कागदाबरहुकूम केलं. तीनच्या सुमाराला त्याने पाणी बदलायला झाकण उघडून भिंतीला टेकवलं, बशी उचलली, तोच दुकानातून हाक आली. बाथरूमचा आरसा न्यायला गिऱ्हाईक आलं होतं. आरसा आधीच कागदात बांधून ठेवलेला. फक्त उचलून द्यायचा. भाऊ बशी हातात घेऊनच गेला. आरसा दिला, घरी नेताना उभाच धरा म्हणून बजावलं, वाटेतल्या नळाखाली बशी विसळली आणि परत आला. दोन मिनिटं, फार तर तीन.

परसाच्या भिंतीवर कावळा बसला होता. त्याच्या चोचीत काहीतरी होतं. भाऊला वाटलं, अक्रोड असेल. मग त्या अक्रोडाला पाय फुटलेले दिसले. चार बारीक पाय हवेत चालत होते. सपाट जमिनीवर चालावेत तसे, एकापाठोपाठ एक, अगदी शिस्तीत.

भाऊच्या हातून बशी निसटली. त्याने पायातली चप्पल काढून भिरकावली, ती भिंतीच्या पलीकडे जाऊन पडली. कावळा घाई न करता उडाला आणि समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर जाऊन बसला. भाऊ एका पायात चप्पल अशा अवस्थेत वर बघत उभा राहिला. थोड्या वेळाने टाकीच्या कडेवर आवाज सुरू झाला. टक. टक. टक. मग थांबला.

झाकण लावून त्याने पिल्लं मोजली. सहा. माती चाचपली, कुंडीखाली हात घातला, गवत विंचरून काढलं. सहाच. जे डोळ्यांनी बघितलं त्यावर विश्वास ठेवायला तो हातांना लावत होता आणि हात ऐकत नव्हते.

संध्याकाळी अक्काचा फोन आला. ऑपरेशन मंगळवारी सकाळी होतं. "सगळी ठीक?" तिने विचारलं.

भाऊने तोंड उघडलं. "एकदम," तो म्हणाला. "मजेत आहेत."

फोन ठेवला, तर बायको दारात उभी.

"सहा म्हणालात ना मघाशी मला?"

"उद्या तिच्या डोळ्याला हत्यार लागायचंय. आज सांगू?"

"बरं, उद्या नंतर सांगा."

"सांगतो गं."

तेवढ्यात परसातून खरखर ऐकू आली. दोघं धावले. तोच कावळा, निदान भाऊच्या मते तोच, जाळीवर बसून चोच आत घालत होता. जाळी मधोमध सैल पडून खाली आली होती. पिल्लं कुंडीत दडलेली, म्हणून वाचली. भाऊने ओरडून कावळा हाकलला आणि जाळीकडे असं पाहिलं, जसं कुणी आपल्याच घरातल्या फितुराकडे पाहावं.

"ही जाळी काय कामाची!" तो म्हणाला. "ज्यातून चोच जाते ती जाळी कसली?"

"जाळी ताणून बसवा की नीट. वर एखादी पट्टी मारा."

"नाही. आता असं करतो की कावळाच काय, मुंगीसुद्धा शिरणार नाही."

चाळीस वर्षं काचेत काढलेल्या माणसाला संकटात दुसरं काय सुचणार? दुकानात एका कपड्यांच्या दुकानाची काढून आणलेली शोकेसची काच पडून होती. जाड, स्वच्छ, कुठे ओरखडा नाही. अंधार पडायच्या आत त्याने ती मापाला आणली, कडा घासल्या, ॲल्युमिनियमची चौकट चढवली, खाली रबरी पट्टी लावली आणि जाळी काढून तिच्या जागी ती ठेवली. एवढी चपखल बसली की दाबताना आतली हवा फुस्स करून बाहेर आली.

"वारा कुठून यायचा?" बायकोने विचारलं.

भाऊने कुरकुरत एका बाजूला दोन लाकडी ठोकळे सरकवून बोटभर फट ठेवली. "झालं समाधान?"

मंगळवारी दिवसभर आभाळ भरलेलं होतं. उजेड राखाडी, हवा गार. कावळा आला, काचेवर बसला, घसरला, दोनदा चोच आपटली आणि वैतागून निघून गेला. खाली पिल्लं जास्वंद खात होती. भाऊला इतका आनंद झाला की त्याने बायकोला जिन्यावरून खाली बोलावून ते दाखवलं. संध्याकाळी अक्काच्या मैत्रिणीचा फोन आला, ऑपरेशन उत्तम झालं, अक्का झोपली आहे. सांगायचं होतं ते तसंच राहून गेलं.

बुधवारीही सकाळी तसंच आभाळ होतं. बायको नऊला वाचनालयात गेली. भाऊने पाणी बदललं, सहा मोजली, काच लावली आणि एका नव्या कचेरीत पार्टिशन बसवायला गेला. जोडीला नेहमीचा मिस्त्री होता. दोन तासांचं काम. अकराला परत येऊन बघायचं, असा हिशेब. पण लादी एका बाजूला अर्धा इंच उतरती निघाली, चौकट पुन्हा सोडवावी लागली आणि त्या थंडगार, खिडकी नसलेल्या खोलीत बाहेर काय चाललंय, याचा पत्ताच लागला नाही.

काच उचलायच्या रबरी वाट्या गाडीत राहिल्या होत्या. त्या आणायला भाऊ खाली उतरला, तेव्हा पावणेबारा झाले होते. इमारतीच्या दारातच त्याचे डोळे दिपले. आभाळात ढगाचा टिपूस नव्हता. रस्ता पांढरा झाला होता.

त्याने गाडीचं दार उघडलं. आतून भट्टीचं तोंड उघडावं तसा झोत तोंडावर आला. स्टिअरिंगला हात लागला, तो चटकन मागे घेतला. सीटवरच्या चिकटपट्टीचा गोंद वितळून ओघळला होता.

"च्यायला, नुसती भट्टी," तो पुटपुटला.

आणि जागीच थिजला.

दार उघडं, हात हवेत. मागून मिस्त्री विचारत होता, "काय हो भाऊ, सापडल्या का वाट्या?" भाऊला आवाज ऐकू येत होता, अर्थ लागत नव्हता. चाळीस वर्षं तो गिऱ्हाइकांना सांगत आला होता, पश्चिमेला एवढी मोठी काच लावू नका, खोलीची भट्टी होईल. शेकडो लोकांना सांगितलं असेल. हसत हसत सांगितलं असेल.

"भाऊ? बरं वाटत नाही का?"

"मी जातो," भाऊ म्हणाला. मिस्त्रीला काही कळायच्या आत त्याने गाडी काढली.

त्या रस्त्याला एरवी दहा मिनिटं लागत. त्या दिवशी किती लागली, ते त्याला पुढे कधीच सांगता आलं नाही. त्याने बायकोला फोन लावला. तो वाचनालयाच्या कपाटात वाजत राहिला. चौकात शाळेची बस आडवी उभी होती, पोरं एकेक करून उतरत होती आणि शेवटची पोरगी पाण्याची बाटली विसरली म्हणून परत चढली. भाऊने हॉर्न वाजवला नाही. तो फक्त मोठमोठ्याने म्हणत राहिला, "सावली आली असेल. भिंतीची सावली आली असेल."

सावली आली नव्हती. वाफा उन्हात चकाकत होता.

काचेच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब धरले होते, त्यामुळे खालचं नीट दिसत नव्हतं. भाऊने चौकट धरली, तशी तळव्याला चर्रकन चटका बसला. त्याने ती तशीच उचलून मागे टाकली. काच पायरीवर आपटून तिचा चक्काचूर झाला. आपल्या हातून काच फुटल्याचा त्याला मोठा विटाळ. त्या वेळी त्याने मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.

वाफ्यातून ओल्या, शिजल्यासारख्या मातीचा वास वर आला. बशी कोरडी होती. चार पिल्लं कुंडीच्या तोंडाशी एकमेकांवर चढून बसली होती. सगळ्यांना आत मावायला जागा नव्हती. एक फळीला नाक लावून, मान आणि पाय ताणून पडलं होतं. आणि एक उघड्यावर, उलटं.

त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि सहाही पिल्लं तिच्यात उचलून घेतली. ती खिशातल्या नाण्यांसारखी गरम लागत होती. दोघांच्या तोंडाला फेस होता. टोपी छातीशी धरून तो अक्काच्या खोलीत शिरला. फ्रिज उघडून त्याने गार पाण्याची बाटली काढली, झाकण फिरवलं आणि तेवढ्यात भिंतीवर खिळ्याला अडकवलेला कागद दिसला. त्याने खालचा नंबर लावला.

"गार पाणी अजिबात नाही," डॉक्टरबाई पलीकडून म्हणाल्या. "बर्फ नाही, पंखा नाही. काका, ऐकताय ना? बाटली खाली ठेवा."

"ठेवली."

"पसरट भांडं घ्या. पाणी असं, की हाताला गरमही लागणार नाही आणि गारही नाही. पिल्लाच्या हनुवटीपर्यंतच. नाकात जाता कामा नये. किती आहेत?"

"सात," भाऊ म्हणाला. मग म्हणाला, "सहा."

"मी निघाले. तोवर माना वर धरून ठेवा."

सहा माना आणि हात दोन. अक्काच्या पोळ्यांच्या परातीत पाणी घालून भाऊ जमिनीवर मांडी ठोकून बसला. बोटांच्या बेचक्यांतून एकेक मान वर धरत होता. एक धरली की दुसरी बुडायची. भाजलेला तळवा पाण्यात चुरचुरत होता. तो त्यांच्याशी काय बोलत होता, कोण जाणे. एकाचा पुढचा पाय हलला. मग दुसऱ्याने डोळा उघडला. उलटं सापडलेलं पिल्लू मात्र त्याने सोडलं की हळूच एका अंगावर कलंडायचं, पानासारखं.

डॉक्टरबाई आल्या, त्यांच्या मागोमाग बायको. वाचनालयात तिने फोन पाहिला तेव्हा अकरा वेळा येऊन गेलेला होता. ती रिक्षा मिळेना म्हणून अर्धी वाट चालत आली होती. तिने पदर खोचला आणि परातीच्या दुसऱ्या बाजूला बसून दोन माना धरल्या.

डॉक्टरबाईंनी पेनाएवढ्या यंत्राचं टोक एकेका पिल्लाच्या मानेजवळ टेकवून ऐकलं. पाच वेळा यंत्रातून घाईघाईची बारीक धडधड ऐकू आली. सहाव्याच्या वेळी नुसती खरखर. त्यांनी दुसरीकडे टेकवून पाहिलं, वाट पाहिली, पुन्हा पाहिलं.

"हे गेलं काका."

भाऊने मान हलवली. उलटं पडलेलं ते.

"ह्याचंही काही खरं दिसत नाही," फळीपाशी सापडलेल्या पिल्लाला बोट लावून त्या म्हणाल्या. सुई टोचून पाहिली. अर्ध्या तासाने तेही गेलं, भाऊच्या हातावरच. जाताना त्याने पाय आत ओढून घेतले. तेवढं बळ त्याच्यात कुठून आलं, ते भाऊला कळेना आणि त्याचे डोळे भरून वाहायला लागले, ते त्याला पुसताही येईनात. दोन्ही हात परातीत होते.

"उन्हात काचेखाली वीस मिनिटं पुरतात," डॉक्टरबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "बोटभर फटीने काही होत नाही. चांगल्या हेतूने करतात हो लोक. माझ्याकडे दर उन्हाळ्यात येतात."

"मी काचवाला आहे," भाऊ म्हणाला. त्यांनी गेलेली दोन्ही पिल्लं टॉवेलवर ठेवली.

आणि नेमकं तेव्हा परसातून आवाज आला. "इथे काच कसली पडलीय एवढी?"

तिघांनी एकदम वर पाहिलं. दारात अक्का उभी होती. एका डोळ्यावर प्लास्टिकची वाटी चिकटवलेली, वर काळा चष्मा, हातात पिशवी. गुरुवारी यायची ती बुधवारीच आली होती. डॉक्टरांनी सकाळी तपासून सोडलं, तर मग तिकडे कशाला बसून राहायचं, म्हणून.

अक्काने चष्मा काढला आणि बऱ्या डोळ्याने आधी परात पाहिली, मग शेजारी टॉवेलवर ठेवलेली दोन.

"अक्का," भाऊ म्हणाला, "सात होती. चार आहेत. एक सोमवारीच कावळ्याने नेलं. मी झाकण उघडं टाकलं. तुला खोटं सांगितलं. मग वर काच लावली. आज ऊन पडलं."

तिने पिशवी खाली ठेवली, टॉवेलजवळ बसली आणि दोन्ही पिल्लं एकेक करून डोळ्याजवळ धरली. वाकू नका म्हणून डॉक्टरांनी बजावलं असणार.

"हे सगळ्यात आधी निघालं होतं," अक्का म्हणाली. "आणि हिच्या अंड्याला तडा होता. जगणार नाही म्हणून मी हिला कापसात ठेवलं होतं आठवडाभर." मग तिने विचारलं, "कागद वाचला होतास ना?"

"वाचला होता."

"जाळीच हवी, असं लिहिलं होतं मी."

"हो."

भाऊ थप्पड खायच्या तयारीने बसला होता. लहानपणी आई कामावर जायची, तेव्हा अक्काच्या ह्याच हाताने त्याला वाढवलं होतं आणि बडवलंही होतं. छप्पन्न वर्षांच्या वयातही त्याने गाल पुढे केला असता. पण अक्का टॉवेलाची घडी नीट करत बसली.

"पाच वर्षांपूर्वी ह्यांच्या आईने अंडी घातली होती," ती म्हणाली. "आठवतं?"

"ती पोकळ निघाली ना?" बायको म्हणाली.

"नव्हती पोकळ."

भाऊने वर पाहिलं.

"नऊ पिल्लं निघाली होती. तुम्ही दोघं तेव्हा गावाला गेला होतात. मी त्यांना परसातच एका खोक्यात ठेवलं. वरून जाळी लावली, सगळं केलं. खालून काहीच नाही. एक दिवस शाळेची बैठक लांबली. परत आले तर खोकं काळं झालेलं. मला आधी वाटलं, माती टाकली कुणी. मुंग्या होत्या. नऊच्या नऊ, भाऊ. तुम्ही आलात तेव्हा मी सांगितलं, पोकळ निघाली. सरळ तोंडावर सांगितलं. धाकटीने मला वाईट वाटू नये म्हणून खीर केली होती त्या दिवशी."

भाऊ तिच्याकडे बघतच राहिला. उन्हाचा, फेसाचा, हातावर आखडलेल्या पायांचा धक्का होताच. हा निराळा होता. अक्का खोटं बोलते, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. शाळेत हिच्या वर्गात कुणी खोटं बोललं, तर दुसऱ्या दिवशी त्याचे आईबाप खरं बोलायला लागत, अशी हिची ख्याती.

"का नाही सांगितलंस?"

"तू का नाही सांगितलंस सोमवारी?"

भाऊ परातीतल्या पाण्याकडे बघू लागला.

"तसंच," अक्का म्हणाली. मग तिचा चेहरा कठोर झाला. "आता जा तू. मला तुझ्याशी बोलायचं नाहीये. आजउद्या तरी नाही. परसातली काच वेच आधी. मोठी कासवं फिरतात तिथे. एक कण राहता कामा नये."

भाऊने ओणवं होऊन संध्याकाळपर्यंत काच वेचली. पायरीच्या सांध्यातले कण चिमट्याने काढले, शेवटी ओल्या फडक्याने फरशी टिपली. दोन पिल्लं त्यानेच जास्वंदीच्या मुळाशी पुरली. अक्का खिडकीतून बघत होती, पण खरोखरच एक शब्द बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने दुकान उघडलं नाही. नवं झाकण करायला बसला. जाड तारेची, करंगळीही जाणार नाही अशी बारीक जाळी आणली, लाकडी चौकटीवर ताणून ठोकली, मधून आडवी पट्टी मारली. मुठीने दाबून पाहिली, दबली नाही. अर्ध्या भागावर सावलीचं हिरवं कापड बांधलं. आत एक उष्णतामापक टांगला, दुसरी कुंडी आडवी घातली. बिजागऱ्यांना स्प्रिंग लावल्या. झाकण हाताने धरलं तरच उघडं राहील. सोडलं की आपोआप मिटेल. दोन वेळा त्याचंच बोट सापडलं. बायको चहा घेऊन आली आणि तेवढा वेळ त्याच्या शेजारी बसली. म्हणाली, "अक्का विचारत होत्या, हाताला मलम लावलं का."

"मग मला का नाही विचारत?"

"तुमच्याशी बोलत नाहीत ना त्या."

चारपैकी तीन पिल्लं गुरुवारीच खायला लागली. चौथ्याचे डोळे सुजलेले होते. डॉक्टरबाई रोज येऊन थेंब घालत. जगेल का, असं विचारलं की त्या खांदे उडवत. ते दिवसभर मातीत तोंड खुपसून बसायचं. भाऊ कामावर जायच्या आधी आणि आल्यावर वाफ्याजवळ स्टूल टाकून बसू लागला. त्याला आता चौघांत फरक दिसायला लागला होता. एकाच्या पाठीवरची पिवळी रेघ मध्येच तुटत होती. एक मागचा डावा पाय ओढत चालायचं. एक अधाशी होतं. सुजक्या डोळ्यांच्या पिल्लाच्या कवचावर पाठीमागे एक जास्तीचा छोटा तुकडा होता, ठिगळासारखा.

रविवारी सकाळी तो असाच बसला असताना अक्का बाहेर आली. डोळ्यावरची वाटी निघाली होती. ती त्याच्या शेजारी उभी राहिली आणि तिने एका हाताने झाकण उचलायला पाहिलं.

"स्प्रिंग फार कडक आहे," ती म्हणाली. चार दिवसांतलं तिचं पहिलं वाक्य.

"मुद्दामच."

"मला एका हाताने उघडेना."

"सैल करू?"

"नको. राहू दे." तिने हातातलं जास्वंदीचं फूल त्याच्यापुढे धरलं. "पाणी बदल. आणि हे ठिगळीला दे. माझ्याकडून खात नाही ती."

भाऊने झाकण उचललं. धरून ठेवायला हात मोकळा नव्हता, म्हणून तो आत वाकला आणि झाकण पाठीवर घेतलं. स्प्रिंगचा जोर दोन्ही खांद्यांवर येत होता. त्याने शेजारच्या तांब्यातल्या पाण्याने बशी विसळून भरून ठेवली, मग एक पाकळी तोडून ठिगळीच्या नाकासमोर धरली. ती हलली नाही. त्याने पाकळी जवळ नेली. कंबरेत कळ आली, तरी तो तसाच राहिला. कितीतरी वेळाने तिने एक डोळा अर्धा उघडला, मान पुढे काढली आणि पाकळी सोडून त्याच्या बोटालाच चावली.

दात नव्हतेच तिला. चिमटा बसावा एवढंच. भाऊने बोट मागे घेतलं नाही. तिने सोडेपर्यंत तो तसाच वाकून उभा राहिला, आणि मग दुसऱ्या हाताने पाकळी थोडी डावीकडे सरकवली.